परला तो मेला

“तुझा दादा परला.” वहिनीने फोनवर एवढंच सांगितलं. मग फोन बहुधा तिच्या हातातून निसटला, कारण पुढे नुसते कोंबड्यांचे आवाज ऐकू येत राहिले. सकाळची वेळ होती. काशीदच्या माझ्या छोट्या लॉजवर पाहुण्यांसाठी पोहे परतत होते, आणि मी हातात उलथनं घेऊन तशीच उभी राहिले. आमच्या आगरी बोलीत ‘पडला’चा ‘परला’ होतो, हे अलिबाग-पेणकडच्या माणसाला सांगायला नको, बाकीच्यांना सांगते. माणूस पडतो, उठतो, गुडघ्याला हळद लावतो. दुसरी कोणतीही बहीण आधी विचारेल, कुठे पडला, किती लागलं. माझ्या मनात मात्र दादाचंच वाक्य आलं, जे त्याने गॅरेजमध्ये आयुष्यभर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवलं होतं... ‘परला तो मेला.’ मी गॅस बंद केला, लॉज शेजारणीवर सोपवलं आणि मिळाली ती रिक्षा करून चोंढीला, दादाच्या घरी निघाले. रेवदंड्याच्या पुलावर पोचेपर्यंत दुसरा फोन आला. दादा दवाखान्यात पोचायच्या आधीच गेला होता.

ते वाक्य माणसासाठी नव्हतं, स्पार्क प्लगसाठी होतं. माझा थोरला भाऊ हिराजी, ज्याचं मांडव्याच्या रस्त्याला गॅरेज होतं, तो वेगवान गाड्यांचा मिस्त्री. शर्यतीच्या, इंजिनात जादा हवा कोंबणारा टर्बो बसवलेल्या, बंगलेवाल्यांनी कापडाखाली झाकून ठेवलेल्या गाड्या त्याच्याकडे यायच्या. प्लग इंजिनात ठिणगी पाडतो, एवढं तुम्हाआम्हाला माहीत असतं. त्याला पांढऱ्या चिनी मातीचं अंग असतं, आपल्या कपबशीचंच, आणि कपबशीसारखंच ते तडकतं. फरक एवढाच की कपाचा तडा दिसतो. हातातून पडलेला प्लग वरून धडधाकट दिसला तरी आत केसाएवढी चीर गेलेली असू शकते. साध्या गाडीत ती कदाचित निभावून जाईल. पण जोरात पळणाऱ्या इंजिनात त्या मातीचा टवका उडून आत पडला, की तो सिलिंडर खरवडतो, टर्बोची पाती खातो, आणि हे सगळं गाडी भरधाव असताना. म्हणून पडलेला प्लग दादा निरखत बसायचा नाही. हातोडीचा एक घाव घालायचा, म्हणजे चुकूनही तो कुणी डब्यात परत ठेवणार नाही. कुणी हळहळलं, अहो कोरा होता, काही दिसतसुद्धा नाही, तर म्हणायचा, “दिसला तं त्याची भीती कसली? न दिसनारा तडा मारतो.” गॅरेजमागे कपडे धुवायच्या दगडाजवळ त्या पांढऱ्या कपच्या मातीत कायम चमकत असत.

काळजी हा आमच्या घराण्याचा वारसा. आमचे बापूस मिठागरात राबायचे. आभाळात ढगाचं चिरगूट दिसलं तरी ताटावरून उठायचे, कारण अवेळी एक सर आली की पिकलेल्या मिठाचं पाणी. ती नजर दादाने उचलली आणि इंजिनाला लावली. पण म्हणून तो गरीब बिचारा होता असं समजू नका. भलता मिजासखोर. आपल्यासारखा कान पंचक्रोशीत कुणाला नाही, हे स्वतःच सांगायचा. गाडी फाटकातून आत येण्याआधीच अमुक नंबरचा प्लग चुकतोय म्हणून जाहीर करायचा, आणि कधी कधी भलताच निघायचा. मग दिवसभर फुगून बसायचा. गरम इंजिनाला पाना लावायचा नाही, हा त्याचा दुसरा कायदा. आमच्याकडच्या खाऱ्या हवेने प्लगचे आटे जाम होतात, त्यात गरम असताना जोर केला तर प्लग मधूनच तुटतो आणि निम्मा आत राहतो. म्हणून कितीही मोठं गिऱ्हाईक असो, त्याला नारळाखालच्या बाकावर बसवायचा आणि इंजिन गार होईपर्यंत मीठ कसं पिकवतात ते ऐकवायचा. एक बंगलेवाले म्हणायचे, गाडी दुरुस्त होईपर्यंत मी अर्धा आगरी होऊन जातो.

या धास्तीचं मूळ मला माहीत होतं, कारण त्या दिवशी मी त्याच्या शेजारी बसले होते. गॅरेज नवं होतं. कुणा मुंबईकराची लाल टर्बो गाडी प्लग बदलायला आली होती. दादाने सगळ्यात भारी, सुईसारख्या टोकाचे प्लग आणले. भारी ते चांगलं, अशी तेव्हा त्याची समजूत. प्लगच्या उष्णतेच्या नंबरात एका आकड्याचा फरक होता, तो त्याने मनावर घेतला नाही. शिवाय ठिणगीची फट जुळवताना पेचकस मधल्या सुईला टेकवून वरची पट्टी उचकटली. सगळा दाब आतल्या चिनी मातीवर जातो, तसं करायचं नसतं, हे त्याला मागाहून कळलं. मला पेणकडे माहेरी सोडायचं निमित्त करून तो गाडी चालवून बघायला निघाला. कार्लेखिंडीच्या चढावर आधी टकटक, मग पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तसा आवाज, मग काहीच नाही. गाडी मागे घसरायला लागली. दादाने हँडब्रेक ओढला, आणि मागून येणारी एसटी आमच्यापासून हातभर अंतरावर थांबली. तिच्या जाळीवरची धूळ मला अजून दिसते. इंजिन गेलं, टर्बो गेला, बोलणी खाल्ली. पण दादाच्या मनात राहिली ती एसटी. “इंजिन गेला तं दुसरा मिलतो, बाय,” घरी आल्यावर तो म्हणाला. “आत बसलेला मानूस कुठून आनू?”

त्यानंतर प्लग निवडणं म्हणजे त्याच्यासाठी पोरीचं स्थळ बघण्यासारखं झालं. आट्यांची लांबी तंतोतंत हवी, नाहीतर टोक पिस्टनला धडकेल. पुढे आलेलं चिनी मातीचं नाक आखूड हवं, वरची पट्टी तोकडी हवी, कारण लांब पट्टी थरथरून तुटते. खोका एकच, संच एकच. आणि जोरकस इंजिनाला प्लग नेहमीपेक्षा एक पायरी थंड. या ‘थंड’ शब्दाने तर आमच्या घरात इतिहास घडवला. गरम प्लग म्हणजे उष्णता धरून बसणारा, थंड म्हणजे ती चटकन पुढे सोडून देणारा. गरम प्लगचं नाक लाल होतं, पेट्रोल ठिणगीची वाट न बघता पेटतं, आणि त्या दणक्यांनी चिनी माती फुटते. हे दादाला ठाऊक. नव्या नवरीला कुठून ठाऊक असणार? लग्नानंतर थोड्याच दिवसांत त्याने मुंबईहून पार्सल पाठवलं आणि वहिनीला फोन केला, थंड प्लग येतायत, जपून ठेव. तिने ते फ्रिजमध्ये ठेवले. अंड्यांच्या खाचांमध्ये, एकेक उभा. दादा घरी आला, पाण्याची बाटली काढायला फ्रिज उघडला आणि तिथेच खाली बसून हसला. वहिनी रुसली. मग त्याच्याच लक्षात आलं, की आख्ख्या घरात ही एकच जागा आहे जिथे प्लगला कुणाचा धक्का लागत नाही. तेव्हापासून प्लास्टिकमध्ये घट्ट बांधलेला एक संच कायम अंड्यांच्या जागी, आणि अंडी ताटलीत. बसवायच्या आदल्या दिवशी बाहेर काढायचे. यात शास्त्र काही नाही, तोच सांगायचा, पण सवय चांगली आहे. वर्षानुवर्षं ते प्लग बघून आम्हाला ते दिसेनासेच झाले होते.

गेल्या दिवाळीच्या सुमाराला तो मुरुडला कुणाची तरी गाडी बघायला आला होता. परतताना माझ्याकडे थांबला. मी चहा दिला. त्याने बशी उचलली आणि कप तिच्यात वाजायला लागला... बारीक, थांबेचना. मी बघितलं. त्याने बशी खाली ठेवली आणि हात टेबलाखाली नेला.

“चा गरम हाय, बाय.”

गरम चहाने बोट भाजतं, हात थरथरत नाही. हे मला कळत होतं, आणि मला कळलंय हे त्यालाही. डॉक्टरांना दाखवलंस का विचारलं, तर गाडीची किल्ली उचलून निघालाच. त्यानंतर चोंढीला गेले की मी आधी त्या धुण्याच्या दगडाकडे बघायची. पांढऱ्या कपच्या वाढत होत्या. हल्ली यांचे प्लग फार पडतात, मांजर पाडते मेली, असं वहिनी म्हणायची. मांजर नव्हतीच घरात. तो तिला काय सांगत होता ते मला समजलं. भीती पडलेल्या प्लगांची नव्हती, ते तर तो फोडत होता. भीती होती ती त्याला न कळलेल्या चुकीची. हात लटपटून पाना तिरका झाला, चिनी मातीला टेकला, बारीक चीर गेली आणि याच्या लक्षातच आलं नाही तर? आणि गाडी कुणाची असणार होती? दादाची लेक तन्वी पुण्याला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. बापलेकीने मिळून भंगारातून एक पांढरी टर्बो गाडी उभी केली होती, आणि ती घेऊन तन्वी ट्रॅकवर वेळ मोजून होणाऱ्या शर्यतींना जाते. त्या गाडीचे प्लग दादा दुसऱ्या कुणाला लावू देत नसे, तन्वीलासुद्धा नाही.

आमची शेवटची भेट या प्लगांमुळेच झाली. मी कामासाठी मुंबईला गेले होते, तर याचा फोन. तन्वीच्या गाडीचा नवा संच दुकानात येऊन पडलाय, येताना घेऊन ये, पण पिशवीत टाकायचा नाही, मांडीवर घेऊन बसायचं. हिवाळ्यातला वारा होता, गेटवेहून निघालेली बोट चांगलीच उसळत होती, आणि मी तो खोका दोन्ही हातांनी धरून बसले होते. शेजारच्या बाईंनी भक्तिभावाने विचारलं, मूर्ती आहे का? मी म्हटलं, प्लग आहेत. त्या पलीकडे सरकून बसल्या. मांडव्याच्या जेट्टीवर दादा उभा होता. त्याने खोका घेतला तोही दोन्ही हातांनी, छातीशी धरून, आणि मी मुद्दाम दुसरीकडे बघितलं. दोन दिवसांनी संध्याकाळी त्याचा फोन आला. आवाज मोकळा होता, कितीतरी दिवसांत नव्हता इतका. “गाडी तयार हाय. तन्वी आली का झाला,” म्हणाला. म्हणजे प्लग बसवले, असंच मी समजले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो अंगणात पडला.

दिवसपाणी झालं. पाहुणे गेले. काही आठवड्यांनी तन्वी पुन्हा आली ती गाडी न्यायला. शर्यतीत नाव आधीच दिलेलं होतं. बाबांसाठी जाणार, म्हणाली. माझ्या मनात तेच सगळं पुन्हा आलं. ती खिंड, तो डब्यातल्या खड्यांचा आवाज, ती एसटी... आणि आता एसटीच्या जागी ट्रॅकची भिंत. मी म्हटलं, प्लग एकदा काढून बघ. तन्वी म्हणाली की मुळीच नाही, ते बाबांनी बसवलेत, त्यांचं शेवटचं काम आहे, त्याला मी पाना लावणार नाही. वहिनीनेही मान डोलावली. मी गप्प बसले असते तर दादाची मिजास राहिली असती. पण दादा गेला होता, आणि पोर जिवंत होती. मी सांगून टाकलं, कपबशीचं, न दिसणाऱ्या मांजरीचं, सगळं. वहिनी ओट्याला टेकून उभी राहिली. तन्वीचा चेहरा कठीण झाला.

“म्हणजे मी बाबांच्या हातावर संशय घेऊ, आत्या?”

“तुझ्या बापाने घेतला असता,” मी म्हटलं.

ती उठून गॅरेजमध्ये गेली. आम्ही दोघी मागोमाग गेलो. बॅटरीची वायर काढलेली होती, पण ती तो नेहमीच काढून ठेवायचा. तन्वीने बॉनेट वर केलं, झाकण बाजूला केलं, प्लगवर बसणारी पहिली कॉइल उपसली आणि खाली टॉर्चचा उजेड टाकला. बराच वेळ बघत राहिली. मग चिमटा मागितला. आत प्लग नव्हताच. निळ्या चौकड्यांच्या कापडाचा घट्ट बोळा होता, धूळ जाऊ नये म्हणून भोकात बसवलेला. दुसऱ्यातही तोच. तिसऱ्यात, चौथ्यात. वहिनीने एक बोळा हातात घेऊन उलगडला.

“ही यांची लुंगी,” ती म्हणाली. “मी सगळीकडं शोधत होते.”

त्याने जुने प्लग काढले होते, भोकं पुसून झाकली होती आणि नव्यांना हात लावला नव्हता. तन्वी आली की झालं, हे त्याने मला सरळ मराठीत सांगितलं होतं. तिघींनाही एकदमच फ्रिज आठवला आणि आम्ही स्वयंपाकघरात गेलो. अंड्यांच्या जागी नवा संच उभा होता. इतके दिवस रोज त्याच दारातून दूध काढून आम्ही चहा करत होतो. वहिनी तिथेच रडली, दादा गेला त्या दिवशी रडली नव्हती तेवढी. मला रडू आलं आणि रागही आला. एवढं कळत होतं तर तोंडाने बोलायला काय झालं होतं?

प्लग रात्रभर बाहेर ठेवले. दुसऱ्या दिवशी सकाळी तन्वी बसवायला उभी राहिली. दादाची पद्धत तिला बघून बघून पाठ होती. प्लगच्या डोक्यावर रबरी नळीचा तुकडा चढवायचा आणि नुसत्या बोटांनी आटे लागू द्यायचे. तिरके लागायला लागले तर नळी घसरते, जोर होतच नाही. चारही असे हाताने लागले की मगच माप दाखवणारा पाना, तोही सरळ, खांद्याचा जोर न लावता. आट्यांना ग्रीस नाही, ग्रीसने जास्त आवळला जातो. पहिला लागला. दुसरा लागला. तिसरा लागला. मी मनात मोजत होते. चौथा तिने नळीत धरून उचलला, आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं म्हणून असेल, नळी निसटली. प्लग पुढच्या पत्र्यावर टणकन आपटला आणि तिथून खाली फरशीवर गेला.

वहिनीने तो उचलला, चष्मा लावून फिरवून फिरवून बघितला, पदराने पुसला. काय झाला न्हाय त्याला, म्हणाली. मीही बघितला. पांढरा, गुळगुळीत, कुठे रेघ नाही. त्याने निवडलेला, मी मांडीवर आणलेला, त्याच्या हातून न पडलेला. खरं सांगते, मलाही वाटलं की हा एक राहू दे. तन्वीने तो वहिनीच्या हातातून घेतला, क्षणभर मुठीत धरला.

“आत्या, हातोडी दे.”

हातोडी भिंतीवर तिच्या खिळ्यालाच होती. मी ती काढून तिच्या हातात दिली. तन्वी मागच्या अंगणात गेली, धुण्याच्या दगडावर प्लग आडवा ठेवला. एकच घाव घातला, बापासारखा. “परला तो मेला,” ती पुटपुटली, ‘ड’चा ‘र’ करून, जे पुण्याला गेल्यापासून तिच्या तोंडून मी ऐकलं नव्हतं. दिवाळीपासून माझ्या छातीवर बसलेलं ओझं तिथे, त्या कपच्यांशेजारी उतरलं. काळजी संपली असं नाही, ती पोर अजून ट्रॅकवर जाते आणि तिचा फोन येईपर्यंत मला अन्न गोड लागत नाही. पण तिच्या गाडीत आता न दिसणारा तडा जाणार नाही, एवढं मला कळलंय.

एकाच खोक्यातले चार, हा नियम. म्हणून तिने लागलेले तिन्ही परत सोडवले आणि दुसरा संच मागवला. ती शर्यत हुकली, पुढची मिळाली. नवा संच मांडव्याला बोटीने आला, तन्वीने स्वतः मांडीवर आणला आणि स्वतः बसवला. दादाचे ते तीन वहिनीने पुन्हा प्लास्टिकमध्ये बांधून फ्रिजच्या दारात ठेवलेत, एकेक उभा. चौथी खाच मोकळी आहे. परवा गेले तेव्हा मी बाजारातून अंडी नेली होती, आणि सवयीने एक तिथे ठेवायला गेले. वहिनीने ते माझ्या हातातून घेतलं आणि ताटलीत ठेवलं.